आधी फरशी पाहा

कुसुमवहिनी आमच्या घरात कधी आल्या, हे मला कधीच कळायचं नाही. पहिल्यांदा आल्या तेव्हा मी दार उघडं टाकून कॉलेजच्या दिवसांतला एक जुना कॉम्प्युटर गेम खेळत होते. अंधारात लपतछपत राजवाड्यात शिरायचं आणि पहारेकऱ्यांना चुकवून बाहेर पडायचं, एवढाच तो खेळ. माझ्या मानेमागून आवाज आला, "पळू नको ना बाई. तो ऐकून राहिला." मी किंचाळलेच.

वहिनी वरच्या मजल्यावरच्या, मूळच्या अकोल्याच्या. यजमान विमा कंपनीतून निवृत्त होऊन जयपुरातच राहिलेले. ते दुपारी झोपले की वहिनी खाली येत. पन्नाशीच्या या बाईंना माउस धरता येत नव्हता, पण महिन्याभरात त्या माझ्या पुढे गेल्या. गेमची चित्रं आता ओबडधोबड वाटतात, सगळे पहारेकरी जुळे भाऊ दिसतात. त्याचा जीव आहे तो आवाजात. गालिच्यावर पाऊल मुकं पडतं, संगमरवरावर खणखणतं. "आधी फरशी पाहा, मंग माणूस," हे वहिनींचं ठरलेलं वाक्य.

त्यांच्या जोडव्यांना दोरा गुंडाळलेला असे. सैल झाली असतील, असं वाटून मी थट्टा केली. "आमच्या घरीबी मार्बलच आहे न वो," त्या म्हणाल्या. हसल्या नाहीत. त्याच दिवशी त्यांच्या बाहीखालचा काळानिळा डाग मला दिसला. माझ्या थट्टेची मला इतकी लाज वाटली की मी चहा करायला उठले.

एक गोष्ट त्यांना अजिबात पटत नसे. गेममधल्या पहारेकऱ्याला चाहूल लागली तर तो जरा शोधतो, 'कोणी नसेल' असं पुटपुटतो आणि जागेवर परततो. जुना गेम, तेवढीच त्याची अक्कल, असं मी म्हणे. वहिनी मान हलवत. "हे खोटं आहे. असं कोणी भुलत नाही."

मे महिन्यातल्या एका दुपारी खेळता खेळता त्यांचा हात थांबला. "वरचा पंखा बंद झाला." मला काहीच ऐकू आलं नव्हतं. त्या स्वयंपाकघरात सरकल्या आणि मिनिटभरात यजमान दारात उभे.

"आमची आली का वो इकडे?" आवाज अगदी मऊ.

"नाही जी."

टेबलावर चहाचे दोन कप होते. खेळातल्या पहारेकऱ्याला ते कधीच दिसले नसते.

"पाहुणे होते?"

"दोन्ही माझेच."

ते हसले. गच्चीवर पाहतो म्हणाले आणि वर गेले.

मी स्वयंपाकघरात धावले तर मागचं दार उघडं होतं. ओट्यावर जोडवी होती, दोऱ्यासकट. खिडकीतून गल्लीच्या तोंडाशी वळणारी ई-रिक्षा दिसली आणि तिच्यात अंग चोरून बसलेल्या वहिनी. वर परत गेल्यावर काय होणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. अकोल्याला बहिणीकडे पोचल्या, एवढाच निरोप नंतर आला. त्या रात्री मी रडले, आनंदानेच.

याला आठ महिने झाले. जोडवी मी पिठाच्या डब्यात लपवली आहेत. यजमान अजून रोज जिना चढण्याआधी माझ्या दाराशी थांबतात. बेल वाजवत नाहीत, नुसतं ऐकतात. आत मी आधी फरशी पाहते आणि मग पाऊल उचलते.