पुरणयंत्र आणि क्लाउडवरची गाडी

आमच्या घरी कधीही न आलेलं एक पितळी पुरणयंत्र मी घालवलं. तेही क्लाउडवर विश्वास ठेवून.

पुरणयंत्र माझ्या सासूबाईंचं, अकोल्याचं. वर दांडा, खाली जाळी आणि वजन असं की एकदा ते फळीवरून काढताना माझ्या कमरेत उसण भरली होती (सासूबाईंनी आधी यंत्राला पोचा आलाय का ते पाहिलं). गुडघे दुखायला लागल्यावर त्यांनी पुरणाचा स्वयंपाक सोडला आणि मुलींना फोनवर सांगून टाकलं, "यंत्र एक आहे, तुम्ही दोघी आहात. आपसात ठरवा." दोघी म्हणजे थोरली माधुरी, माझी बायको, आणि धाकटी वंदना, जी अकोल्यातच राहते. लहानपणी दांडा फिरवायचं काम माधुरीचं, म्हणून यंत्र आपलंच असं तिला वाटायचं. वंदनाला तो दांडा कधी कोणी फिरवूच दिला नाही, म्हणून आता तरी ते आपल्याला मिळावं असं तिला वाटायचं. आम्ही राहतो त्या लखनौत बाकी सगळं मिळतं, पण पुरणयंत्र मागितलं की दुकानदार म्हणतो, "बहनजी, जूसर दिखाएँ?"

दुसऱ्या घरात चिठ्ठ्या टाकल्या असत्या. आमच्याकडे गाड्या पळवायचं ठरलं.

गेली तीन वर्षं या दोघी बहिणी दर रविवारी दुपारी चार वाजता कॉम्प्युटरवर मोटारींची शर्यत खेळतात. एका उन्हाळ्यात वंदनाच्या मुलाने शिकवलं आणि मुलगा बाजूला राहून मावशी आणि आईच नादाला लागल्या. माधुरी खरी स्कूटर चालवते तेव्हा इंदिरा नगरच्या बाजारात दूरवर गाय दिसली तरी पाय टेकवते. पण हातात कंट्रोलर आला की ही बाई घाटाच्या वळणावर समोरच्याला कोपरखळी मारून पुढे निघते. मी हे पाहतो आणि तिच्याशी वाद घालताना जपून बोलतो.

तर ठरलं असं. होळीच्या आधीचा रविवार. तीन शर्यती. दोन जिंकेल तिला यंत्र. पंच म्हणून सासूबाई फोनवर.

इथे मी शहाणपण केलं.

माधुरी ज्यावर खेळायची तो सीपीयू आमच्या मुलीने, मुक्ताने, दोन वर्षांपूर्वी स्वतः जोडलेला होता. काळा, थोराड, आणि गेम सुरू झाला की त्याचा पंखा असा घरघरायचा की माझी रविवारची झोप मोडायची. त्यातच ऑफिसातल्या एका तरुण इंजिनियरने मला सांगितलं की सर, आता घरी मशीन लागतच नाही. गेम दूर कुठल्यातरी मोठ्या मशीनवर चालतो, आपल्याला टीव्हीवर नुसतं चित्र येतं, आपण बटण दाबलं की ते तिकडे जातं. हे ऐकून मी हरखलो. मी रेल्वेच्या सिग्नल खात्यात सत्तावीस वर्षं काढलीत. इथे बटण दाबायचं आणि तिकडे लांब काहीतरी हलायचं, हा तर माझाच धंदा!

घरी येऊन मी भाषण दिलं. मुक्ता कॉलेजात आहे. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत येतं.

"बाबा, पज़ल वाले गेम के लिए ठीक है," ती म्हणाली. "कार रेस में गड़बड़ होगी. अपने सीपीयू पर सब कुछ यहीं बनता है, नेट से बस इतना जाता है कि कौन-सी गाड़ी कहाँ है. क्लाउड में पूरी तस्वीर नेट से आएगी. ज़रा-सा अटका, तो गए."

"इंजिनियर कोण आहे?" मी विचारलं.

"आप," ती म्हणाली आणि कानात इअरफोन घालून बसली.

माधुरीचा आक्षेप वेगळा होता. "अहो, तव्यावरून ताटात आलेला फुलका आणि बाहेरून डब्यात आलेला फुलका एकच का? येईपर्यंत वाफ धरून मऊ पडतो तो."

"एकदा खेळून तर बघ," मी म्हणालो.

तिने बुधवारी दुपारी खेळून पाहिलं. मी ऑफिसात, मुक्ता कॉलेजात, घरात ती एकटी. आणि काय सांगू, गाडी लोण्यासारखी चालली. चित्र तर आधीपेक्षा सुंदर. झाडांची पानंसुद्धा हलताना दिसत होती. संध्याकाळी तिने मान्य केलं, "बरं आहे की हो." तीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी फार वेळा ऐकलेलं नाही, त्यामुळे त्याच उत्साहात मी सीपीयू उचलला आणि आमच्या मराठी मंडळाला देऊन आलो. सभासदांच्या याद्या टाइप करायला मंडळाला एक कॉम्प्युटर हवाच होता. मंडळाचे अध्यक्ष गजभिये साहेब, सरकारी कंपनीतून निवृत्त झालेले, शिस्तीचे गृहस्थ. त्यांनी मला पावती दिली आणि आभाराचं पत्रही दिलं.

"नानी का यंत्र दाँव पर लगा है, और आप मशीन दान कर आए?" मुक्ताने एवढंच विचारलं. माधुरीने टीव्हीकडे पाहिलं, मग सीपीयूची रिकामी जागा पुसून घेतली. तेव्हा मला पहिल्यांदा जरा धास्ती वाटली. पण त्या कोपऱ्यात माझी आरामखुर्ची इतकी चपखल बसली की धास्ती फार टिकली नाही.

रविवार उजाडला. पावणेचार वाजता दाराची बेल वाजली. दारात गजभिये साहेब, त्यांच्या मागे बोंडे काका, आणि त्यांच्या मागे मंडळाची अख्खी कार्यकारिणी. अकरा माणसं.

"गुढीपाडव्याची मीटिंग," गजभिये साहेब चपला काढत म्हणाले. "तुम्हीच तर म्हणालात, रविवारी माझ्या घरी ठेवा, चार वाजता."

म्हणालो होतो. सीपीयू देताना पावती घेण्याच्या आनंदात म्हणालो होतो. मी माधुरीकडे पाहिलं. माणसं दारात आली की चहा विचारायचाच, हे तिच्या रक्तात आहे, त्यामुळे ती हसून "या ना" म्हणाली. ते हसणं मी ओळखतो. त्याचा हिशेब नंतर होतो.

शर्यतीचं कारण कळल्यावर मीटिंग आपोआप तहकूब झाली. अकरा जण चिवड्याच्या बश्या घेऊन टीव्हीसमोर बसले. टीपॉयवर माधुरीचा फोन, स्पीकर चालू, पलीकडे अकोला.

"माधुरी, तयार का?" सासूबाईंचा आवाज आला.

"तयार, आई."

"वंदना, तू?"

"मी कधीची बसली आहे," वंदना म्हणाली. तिच्या मागे तिच्या मुलाच्या सीपीयूचा पंखा घरघरत होता. मला तो आवाज गावंढळ वाटला.

पहिली शर्यत सुरू झाली. माधुरीची गाडी छान निघाली आणि पहिल्याच वळणावर चित्राचे चौकोन चौकोन झाले. माधुरीने गाडी डावीकडे वळवली. गाडी सरळ गेली. तिने ब्रेक दाबला. गाडी भिंतीवर आदळली, थोडी विसावली, आणि मग सगळं झाल्यावर अगदी आज्ञाधारकपणे डावीकडे वळली.

"अहो, ही ऐकतच नाही," माधुरी म्हणाली.

"उशिरा ऐकते," बोंडे काकांनी दुरुस्ती केली.

वंदना जिंकली. मुक्ताने लॅपटॉपवर राऊटरचं पान उघडलं आणि ओठ चावला. "बाबा, इस वक़्त हमारे वाई-फ़ाई पर चौदह फ़ोन हैं."

आता हेही सांगायलाच हवं. मागच्या गणपतीत मंडळाची आरती आमच्या घरी होती. आलेल्या प्रत्येकाला पाणी देतात, प्रसाद देतात, तसा मी वाय-फायचा पासवर्डही दिला होता. नुसता दिला नव्हता, आरतीच्या कागदाखाली मोठ्या अक्षरात छापून भिंतीवर लावला होता. लोकांनी तेव्हा वाहवा केली. तेव्हापासून मंडळाचा कोणीही सभासद आमच्या जिन्यात आला की त्याचा फोन आपणहून आमच्या घरी नांदायला लागतो. अकरा फोन त्या क्षणी नातवंडांचे व्हिडिओ, बातम्या आणि क्रिकेट बघत होते.

मी स्वयंपाकघरातून कणीक मळायची परात आणली. "सगळ्यांनी आपापले फोन बंद करून यात ठेवा."

"अगदी पूर्ण?" बोंडे काकांनी विचारलं.

"पूर्ण बंद."

"मला बंद करता येत नाही. मुलगा करून देतो, तो पुण्याला असतो."

मुक्ताने त्यांचा बंद केला. मी घरभर परात फिरवली, शंका येऊन दोन खिसेसुद्धा तपासले. परात वजनदार झाली. माझ्या आयुष्यात इतक्या मराठी माणसांनी एकाच वेळी माझं ऐकल्याचं हे पहिलंच उदाहरण.

दुसरी शर्यत अशी झाली की विचारू नका. गाडी बुधवारसारखी पळायला लागली. माधुरी दुसऱ्या फेरीतच वंदनाच्या पुढे गेली. चिवडा खायचा थांबला. गजभिये साहेब, ज्यांना मी कधी मोठ्याने बोलताना ऐकलेलं नाही, ते खुर्चीच्या काठावर येऊन "वहिनी, उजवीकडून, उजवीकडून" म्हणत होते. असा क्षण हातचा जाऊ नये म्हणून मी ती शर्यत सुरुवातीपासून शेवटपर्यंत चित्रित केली. माधुरी जिंकली. तिने वळून माझ्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात राग अजिबात नव्हता. मला खरंच फार बरं वाटलं. एकेक शर्यत दोघींची झाली होती.

"आता शेवटची," फोनमधून सासूबाई म्हणाल्या. "आणि भांडायचं नाही, कोणी जिंको."

तिसरी शर्यत. पहिली फेरी बरोबरीची. दुसरी बरोबरीची. तिसऱ्या फेरीत माधुरी पुढे. एकच वळण उरलं होतं, डोंगराच्या कडेचं, जे ती डोळे मिटून घेते. तिने ब्रेक दाबला. चित्र थिजलं. झाडाची पानं हलायची थांबली. आम्ही सगळे श्वास रोखून बसलो. चित्र परत आलं तेव्हा रस्ता होता, झाडं होती, वंदनाची गाडी होती. आमची गाडी नव्हती.

"माधुरी," सासूबाईंनी विचारलं, "कुठे गेलीस गं?"

"दरीत, आई," माधुरी म्हणाली.

अकोल्यात आरडाओरडा झाला. मी परातीकडे पाहिलं. "कोणीतरी फोन चालू ठेवलाय," मी कडक आवाजात म्हणालो. "ज्याने कोणी केलं असेल त्याने आत्ता सांगावं."

मुक्ता लॅपटॉपवर खाली वाकून बघत होती. मग तिने मान वर केली आणि, मी शपथेवर सांगतो, त्या दिवशी ती मराठीत बोलली.

"बाबा, तुमचा."

परात मी फिरवत होतो. फिरवणाऱ्याचा फोन परातीत टाकायचं कोणाला सुचणार? आणि माझ्या फोनला सवय अशी की घरी काही चित्रित केलं की तो ते लगेच वर पाठवून देतो, जपून ठेवायला. क्लाउडवर. म्हणजे माधुरीची गाडी एका क्लाउडवरून खाली येत होती आणि माधुरीच्याच विजयाचा व्हिडिओ दुसऱ्या क्लाउडकडे वर चढत होता, आणि आमच्या एवढ्याशा दारात दोघांची गाठ पडली. सत्तावीस वर्षं मी एका रुळावर समोरासमोर दोन गाड्या येऊ दिल्या नाहीत.

माधुरीने कंट्रोलर खाली ठेवला. मला वाटलं आता माझी धडगत नाही. पण ती फोनजवळ गेली आणि म्हणाली, "वंदे, जिंकलीस. जपून वापर. दांडा डावीकडे जरा अडतो, तिथे तेलाचा थेंब सोडत जा."

पलीकडून वंदना म्हणाली, "ताई, दिवाळीला येताना घेऊन येऊ का? तू वापर थोडे दिवस."

"नको," माधुरी म्हणाली. "पुढच्या होळीला जिंकून नेईन."

हे ऐकून मला गलबलून आलं. मी काहीतरी बोलणार होतो, पण गजभिये साहेबांनी घसा खाकरून तहकूब मीटिंग पुन्हा सुरू केली. पाडव्याचं काही ठरलं नाही. एकच ठराव झाला, की श्रीयुत सचिवांनी, म्हणजे मी, मंडळास दिलेला सीपीयू मंडळाने सचिवांच्या पत्नीस सन्मानपूर्वक परत करावा. अनुमोदन बोंडे काकांचं. एकमताने मंजूर. आभाराचं पत्रही परत मागितलं गेलं.

सीपीयू आता त्याच्या कोपऱ्यात आहे आणि माझी आरामखुर्ची गॅलरीत. रविवारी चार वाजता पंखा घरघरतो आणि मला त्या आवाजात आताशा चांगली झोप लागते. क्लाउड अगदीच वाया गेलेला नाही. मुक्ता त्यावर तिचे निवांत कोड्यांचे गेम खेळते आणि मजेत असते. पण ज्याला वळणावर वेळेत वळायचंय त्याचं मशीन घरातच हवं, हे आता मीसुद्धा ऑफिसातल्या त्या तरुण इंजिनियरला समजावून सांगतो.

राहिला प्रश्न होळीच्या पुरणाचा. डाळ शिजली, गूळ पडला, यंत्र अकोल्यात. माधुरीने माझ्यासमोर पिठाची चाळणी आणि एक वाटी ठेवली. वाटीच्या बुडाने पुरण चाळणीवर घासायचं, खाली मऊ पडतं. दीड तास मी घासत होतो. माधुरी अधूनमधून "जोर लावा", "चाळणी फिरवा", "पुढचा घाणा घ्या" असं सांगत होती आणि मुक्ता दाराशी उभी राहून हातातल्या फोनवर काहीतरी मोजत होती.

"काय झालं?" मी घाम पुसत विचारलं.

"कुछ नहीं बाबा," ती म्हणाली. "मम्मी के बोलने और आपके हिलने के बीच का टाइम देख रही हूँ. इससे तो क्लाउड अच्छा था."