मोहरी रंगाची चिली बिन

शिरीष गेल्याचा फोन आला तेव्हा मी डेअरीत दुधाची बाटली घेऊन उभा होतो. पहिला विचार आला तो असा, की आता मला मूर्ख कोण म्हणणार... म्हणजे तो सगळ्यांनाच म्हणायचा, माझ्या वाट्याला मात्र जरा मायेने यायचं.

हॉर्नबी या उपनगरातल्या एका कारखान्यात आम्ही दोघं होतो. मी विक्रीत, तो कॉस्ट अकाउंटंट. आमचा माल चिली बिन, म्हणजे सहलीला नेतात ते बर्फाचे डबे. एका हिवाळ्यात मॅनेजरसाहेबांनी फर्मान काढलं, मशिनं थांबवायची नाहीत. रंगही स्वतःच निवडला, मोहरीचा, म्हणजे मळकट पिवळा. तो बघून दुकानदार असे मागे सरकायचे, जणू मी त्यांच्या काउंटरवर मेलेलं मांजर ठेवलंय. गोदामातला माल छताला लागला, विक्री जवळजवळ नाही, आणि कागदावर नफा मात्र वाढतोय. मी चक्रावलो.

"कारखान्याचं भाडं, सुपरवायझरचा पगार, सगळं त्या डब्यांच्या किमतीत चढवलंय," शिरीष म्हणाला. "डबा विकला, की तो खर्च हिशेबात येणार. विकलाच नाही, तर झाकणाखाली लपून बसतो. आणि हा गाढव त्याला नफा समजून बोनस मागतोय. तूही मूर्खच म्हणा."

वर्षअखेरीला शिरीषने मोहरी डबे, बनवायला आलेल्या खर्चाने न धरता, बाजारात जे काही मिळेल त्या भावाने धरले. तो भाव भंगाराचा होता. नफा गेला, बोनसही गेला. मॅनेजर टोमॅटोसारखा लाल होऊन ओरडला, "तू माझा नफा मारलास."

शिरीष चष्मा पुसत राहिला. "जन्मला कधी होता?"

पुढच्याच वर्षी कंपनीला शिरीषच्या जागेची गरज उरली नाही. निरोपाला मॅनेजरने हसत हसत एक मोहरी बिन त्याच्या हातात ठेवली. शिरीषने झाकण उघडून आत डोकावलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "भाडं अजून आहे आत."

अंत्यविधीला हाच मॅनेजर आला. गळा काढून बोलला, शिरीष म्हणे 'प्राइसलेस' होता. मी ओठ चावून हसू दाबलं. ज्याला किंमत काढता येत नाही तो अमूल्य म्हणून मोकळा होतो, असं शिरीष शवपेटीतून उठून म्हणाला असता...

परवा शिरीषच्या घरी, वहिनींकडे गेलो. निरोपाची ती बिन स्वयंपाकघरात, एका कोपऱ्यात. आत तांदूळ. म्हटलं, "वहिनी, ही मला द्या. पन्नास डॉलर देतो."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. थेट त्याच्यासारखं. "ह्यांनी घरच्या विम्यात हिची किंमत शून्य लावली होती. शून्याला पन्नास? मूर्खच आहात, भावजी."

"मग शून्याला द्या."

"विकायची नाही ती," त्या म्हणाल्या, आणि वाटीभर तांदूळ काढून झाकण घट्ट लावलं. "बसा. खिचडी टाकते."