रेणुका आठवड्याआड वाचायला विसरायची

“ही पोरगी ऑगस्टमध्ये उतारा वाचते. सप्टेंबरमध्ये हिला अक्षर ओळखता येत नाही. ऑक्टोबरमध्ये परत उतारा. काय प्रकार आहे हा?” गटशिक्षणाधिकारी साहेबांनी मोबाईल माझ्या नाकापुढे धरला.

“मलाही कळत नाही, सर,” मी म्हणालो. खरंच कळत नव्हतं.

मी केंद्रप्रमुख. म्हणजे आसपासच्या दहा-बारा गावांतल्या जिल्हा परिषद शाळांवर देखरेख ठेवणारा माणूस. शाळेत गेलो की शिक्षक मला साहेब म्हणतात आणि तालुक्याला गेलो की साहेब मला उभं ठेवतात. ही गोष्ट आष्टी तालुक्यातल्या डोंगराकडच्या एका लहान शाळेची आहे. चौथीपर्यंतचे वर्ग, दोन खोल्या आणि एकच शिक्षिका, वर्षा मॅडम. त्या जूनमध्ये बदलून आलेल्या.

आमच्याकडे शासनाचा एक कार्यक्रम चालतो. वाचन-गणितात मागे पडलेल्या मुलांसाठी शाळेत रोज जादा तास घ्यायचा. दर महिन्याला प्रत्येक मुलासमोर एक कार्ड धरायचं. त्यावर आधी सुटी अक्षरं, मग शब्द, मग वाक्यं आणि शेवटी चार ओळींचा उतारा. मूल जिथे अडकेल तो त्याचा स्तर. तो त्याच दिवशी ॲपमध्ये भरायचा. मूल उताऱ्यापर्यंत पोचलं असं पक्कं झालं की जादा तासातून त्याचं नाव काढायचं, कारण जागा मागे पडलेल्यांसाठी असते.

रेणुका ही तिसरीतली मुलगी. तिचा स्तर पाळण्यासारखा वरखाली होत होता.

“दोनच शक्यता आहेत,” साहेब म्हणाले. “पोरीला वाचता येतंय, तर नाव काढा. येत नाहीये, तर मॅडमनी उतारा भरला कसा? खोटी माहिती भरली म्हणून खुलासा घ्या. शुक्रवारपर्यंत मला एक स्तर पाहिजे. एकच.”

खुलासा म्हणजे लेखी जाब. तो सर्व्हिस बुकापर्यंत गेला की माणसाच्या मागे रिटायर होईपर्यंत फिरतो. वर्षा मॅडमची नोकरी अजून कोवळी होती. आणि माझ्या हातून पोरीचं नाव चुकीनं निघालं असतं, तर तिला शिकवायला घरी कुणी बसलेलं नव्हतं. वडील मेंढरं राखायचे, आई दुसऱ्यांच्या रानात मजुरीला जायची.

मी आधीही दोनदा त्या शाळेत जाऊन तिला तपासलं होतं. पहिल्यांदा तिनं घडाघडा वाचलं. दुसऱ्यांदा मी कार्ड पुढे केलं तर ती ‘क’वर बोट ठेवून बसून राहिली. डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, “अगं, परवा तर वाचलंस!” तिनं नुसती मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, तेही मला समजलं नाही.

मॅडम माझ्याहून गोंधळलेल्या होत्या. त्यांनी पोरीला ग्रामीण रुग्णालयात नेऊन डोळे तपासून आणले. डॉक्टर म्हणाले, नजर घारीची आहे. मग मी पुढची शहाणपणाची सूचना केली, की हिचा अध्ययन अक्षमतेचा फॉर्म भरून ठेवा. म्हणजे मूल हुशार असूनही वाचनात अडखळतं, तसलं काही असेल. मॅडमनी फॉर्म भरला. त्यातल्या एका रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, ‘आठवडाभर सर्व येते. पुढचा आठवडा काहीच येत नाही.’ हे वाक्य मी वाचलं आणि सहीसुद्धा केली. त्यात ‘आठवडा’ हा शब्द होता, तो डोळ्यांसमोर असून दिसला नाही. घारीची नजर पोरीची होती, माझी नव्हती.

गुरुवारी दुपारी मी ठरवलं, आता पालकांनाच भेटायचं. शाळेत न जाता थेट वस्तीवर गेलो. घराला कडी. शेजारची म्हातारी म्हणाली, “बापू मेंढरं घिऊन टेकाडाकडं गेलाय. रेणुकी बी हाय संगं.”

म्हणजे पोरगी शाळा बुडवून मेंढरांमागे! गाडी तिथंच लावून मी टेकाड चढलो. श्वास लागला. वर कळप चरत होता आणि कडेला हातात काठी, अंगात विटका फ्रॉक आणि डोक्याला ओढणी गुंडाळलेली रेणुका उभी होती.

“रेणुका!”

“जी.”

खिशातून कार्ड काढलं. हा उतारा तिनं कधी पाहिलेला नव्हता, तळ्यातल्या कासवाचा होता. तिनं काठी काखेत धरली आणि एका दमात वाचून काढला. शेवटी वर मला विचारलं, “कासव पुढं कुटं गेलं, सर? अर्धंच हाय हे.”

मला आनंद झाला आणि लगेच रागही आला. मी मॅडमना फोन लावला. टेकाडावर रेंज चांगली होती.

“मॅडम, रेणुका आज हजर आहे?”

“हो सर, हजर.”

एवढ्या वर्षांच्या नोकरीनं मला एक सवय लावली आहे. कागद आणि माणूस जुळले नाहीत की आधी संशय घ्यायचा. “मॅडम,” मी आवाज चढवला, “खोटी हजेरी लावता? मी तुम्हाला वाचवायला निघालो होतो आणि तुम्ही माझेच हात बांधता?”

“सर, खोटी कशी? ती माझ्यासमोर बसलीय.”

“ती माझ्यासमोर उभी आहे!”

मग मॅडम हळूच म्हणाल्या, “सर, उन्हातनं चढलात का? जरा पाणी प्या.”

मी व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर वर्ग आला, मॅडमचा घाबरलेला चेहरा आला आणि मग गणवेशातली रेणुका आली. तेच कपाळ, तीच हनुवटी. मी मोबाईलकडे बघितलं, पुढ्यातल्या पोरीकडे बघितलं, परत मोबाईलकडे बघितलं. तेवढ्यात टेकाडावरची रेणुका टाचा उंचावून मोबाईलमध्ये डोकावली आणि ओरडली, “मंगे, माझी पेन्सल न्हाई ना मोडलीस?”

पडद्यावरची म्हणाली, “न्हाई गं आक्के.”

पोरींचे वडील, बापूराव, काठी टेकत आले. त्यांना वाटलं, पोरीनं काही गुन्हा केला. मी विचारलं, “ही कोण आणि ती कोण?”

“ही रेणुकी, थोरली. ती मंगल, हिच्या पाठची. सव्वा वरसाचं अंतर हाय, पण दोघी आईवर गेल्यात.”

“मग मंगलचं नाव शाळेत का नाही?”

“मंगल आमी मेंढरं घिऊन लांब गेलतो तवा झाली. जल्माचा कागद न्हाई. आदीचं गुरुजी म्हणले, कागद आना. मी लई हिंडलो साहेब. हितं गेलो तर म्हणत्यात तितं जा. मंग गुरुजीलाच दया आली. म्हणले, एक पोरगी तुला मेंढरं वळायला लागतीच, तर एकीच्या नावावर दोघी येऊ दे आळीपाळीनं. या बाजारापास्नं त्या बाजारापतोर आठवडाभर एक, मंग दुसरी. गनवेश बी एकच हाय.”

हे आधीचे गुरुजी जूनमध्ये बदलून गेले होते. मॅडमना चार्ज देताना त्यांनी टेबल, खुर्च्या, कपाट, वजनकाटा, फुटका ग्लोब, सगळं यादीत लिहून दिलं होतं. हे तेवढं लिहिलं नव्हतं.

“पण कायद्यात आहे ना,” मी बापूरावांना म्हणालो, “कागद नाही म्हणून शाळेत घ्यायचं नाही, असं करता येत नाही. गुरुजींना माहीत नव्हतं?”

“म्हाइत व्हतं की. पन म्हणले, वरच्या सायबांनी मिटिंगीत सांगितलंय, कागद न्हाई तर नाव चढवू नका.”

“कोणत्या साहेबांनी?”

“ते मला काय म्हाइत न्हाई.”

मला माहीत होतं. केंद्राची मासिक बैठक मीच घेतो. पोर्टलवर माहिती जुळत नव्हती, वरून रोज फोन येत होते आणि मी वैतागून म्हणालो होतो, “कागद पूर्ण असल्याशिवाय एकही नाव चढवू नका, मग निस्तरत मलाच बसावं लागतं.” चहा यायच्या आधीचं एक वाक्य. मी ते विसरूनही गेलो होतो. त्या टेकाडावर मला स्वतःची लाज वाटली आणि ती मी बापूरावांना सांगितली नाही.

आम्ही तिघं शाळेत गेलो, मेंढरं म्हातारीच्या नातवाच्या हवाली करून. वर्गात पोरांना मी विचारलं, “रेणुका दोन आहेत हे तुम्हाला माहीत होतं?”

“व्हय सर,” सगळा वर्ग.

“मग मॅडमना कावून नाही सांगितलं?” ‘का’ म्हणायचं तर माझ्याही तोंडून गावातलं ‘कावून’ निघालं.

पुढच्या रांगेतली एक पोरगी उठली. “मॅडमला म्हाइत असंल म्हणलं. मॅडम मंगलला रेणुका म्हणत्यात, हजेरीत तसंच हाय ना.”

वर्षा मॅडम खुर्चीवर बसल्या. हसावं की रडावं त्यांना कळेना. “सर, मी हिला म्हणायचे, तुला सगळं येतं, तू मुद्दाम करतेस.” त्यांनी मंगलला जवळ घेतलं. मंगल तोवर दप्तर आवरून उभी होती. तिनं विचारलं, “आता मी यिऊ नको का?”

मी प्रवेशाचा फॉर्म मागितला. बापूरावांकडून जन्माबद्दल लेखी घेतलं, सव्वा वर्षाचा हिशेब लावून तारीख ठरवली आणि मंगलचं नाव दुसरीत घातलं. खाली सही माझी. आधी मॅडम करणार होत्या, मी म्हटलं, ही मला करू द्या.

अडचण संपली नव्हती. बापूराव म्हणाले, “दोघी साळंत, तर मेंढरं कोन वळंल? रेणुकीला आता वाचता येतंय. ती ऱ्हाऊ द्या माझ्याकडं.” रेणुका खिडकीबाहेर बघत राहिली. कासवाचं पुढं काय झालं ते तिला अजून कुणी सांगितलं नव्हतं. मॅडम बापूरावांशी अर्धा तास भांडल्या. मी इतका वेळ कुठल्याच पालकाशी बोललेलो नाही. शेवटी चुलतभावाचा कळप आणि याचा कळप एकत्र चारायचा ठरलं. एक माणूस कमी लागतो. आठवड्यातले चार दिवस जमतं, दोन दिवस अजून एकच पोरगी येते. कोणती येणार ते आता मॅडमना आदल्या दिवशी कळतं.

शुक्रवारी साहेबांसमोर उभा राहिलो.

“मग खरा स्तर कोणता?”

“दोन्ही खरे आहेत, सर. पोरी दोन आहेत.”

साहेबांनी मोबाईल उघडला. मग म्हणाले, “ॲपमध्ये हे कुठं भरायचं?” ते त्यांनाही माहीत नव्हतं आणि मलाही. खुलासा मात्र द्यावा लागला. वर्षा मॅडमना नाही, मला. कागदाबद्दल असं तोंडी का सांगितलं, याचा. दोन ओळी लिहिल्या, चूक माझी आहे असं लिहिलं.

रेणुकाचं नाव जादा तासातून निघालं. तिथं मंगल बसते, स्वतःच्या नावानं. मार्चमध्ये ती वाक्यापर्यंत आली. मी कार्ड धरलं तेव्हा सुरुवातीलाच तिनं बजावलं, “सर, मी मंगल हाय.”

एवढ्या नोकरीत शिकलो ते एवढंच. एखादं मूल आठवड्याआड वाचायला विसरत असेल, तर डोळे तपासायच्या आधी मुलं मोजावीत. आणि बैठकीत चहा येईपर्यंत गप्प बसावं.