इंग्रजीतला साहेब

घरी बसून हौसेनं गेम बनवणारी माणसं जगभर आहेत. गेमची गोष्ट, चित्रं, उड्या त्यांना भराभर सुचतात. पण 'सुरू करा'चं बटण, आवाज कमी-जास्त करायची पट्टी, खेळाडूंची यादी असलं काही लिहायचा त्यांना कंटाळा. मी ते आयतं लिहून इंटरनेटवर फुकट ठेवतो. त्याला लायब्ररी म्हणतात. आमच्या घरी 'तुझी ती बटणं' म्हणतात. ऑफिसात मला कोणी विचारत नाही, इथे मात्र माझा शब्द शेवटचा. मी नाव इंग्रजी वळणाचं घेतलं होतं आणि उत्तरं अशा तोऱ्यात द्यायचो, की हा माणूस कोल्हापुरात पंख्याखाली बनियनवर बसून लिहितोय अशी कुणाला शंका येऊ नये.

गेल्या वर्षी एकानं त्या लायब्ररीच्या पानावर मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं. त्याला बोट टेकल्याबरोबर चालणारं बटण हवं होतं. माझं बटण बोट उचलल्यावर चालायचं, आणि बोट मधेच बाजूला घसरलं तर दाबलंच नाही असं धरायचं. बहुतेक ठिकाणी तसंच असतं. चुकून दाबलं तर माणसाला सुटका करून घेता येते. एवढं दोन ओळींत सांगता आलं असतं. मी मात्र चारचौघांत त्याच्या वाक्यांची चिरफाड केली, आधी डॉक्युमेंटेशन वाच आणि प्रश्न विचारायला शीक असं सुनावलं, आणि विषय बंद करून टाकला. बटण कशासाठी हवंय हे विचारायचं सुचलंसुद्धा नाही. खाली दोघा-तिघांनी हसण्याचे इमोजी टाकले. मला बरं वाटलं, हे लिहायलाच हवं.

आठेक महिन्यांनी इथल्याच एका कॉलेजच्या हॉलमध्ये गेम बनवणाऱ्या हौशी लोकांचा मेळावा होता. ज्यानं त्यानं आपला गेम बाकावर मांडायचा, बाकीच्यांनी खेळून बघायचा. एका बाकावर टॅब्लेट होता. पडद्यावर चार म्हशी आणि प्रत्येकीखाली बादलीचं मोठं बटण. दाबलं की धार पडायची. बटण माझंच, बघताक्षणी ओळखलं. बाकामागे चाळिशीचा माणूस उभा होता. बिद्रीकडच्या एका गावात दूध संस्थेत आलेल्या दुधाचं फॅट मोजायचं काम करतो म्हणाला.

"आईसाठी केलाय," तो सांगू लागला. "लकवा मारलाय तिला. उजवा हात हलता ऱ्हावा म्हणून. पण बोट थरथरतंय, घसरतंय. बटण लागतच न्हाय. चार दिवस खेळली आणि म्हणाली, माझा हात मेलाय, ठेव ते बाजूला."

माझे कान तापले. तरी विचारलं, "कुणाला विचारलं न्हाय व्हय?"

"विचारलंतं की. ज्यानं ही बटणं केल्यात त्या साहेबालाच. कुठला तरी परदेशातला हाय. लई चिडला. माझंबी चुकलंच म्हणा, आपलं इंग्रजी कच्चं."

'मीच तो' एवढंच म्हणायचं होतं. एरवी गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल असं बोलणारा मी, बाकावरच्या टॅब्लेटची वायर सरळ करत बसलो.

"पावणं, तुमचं इंग्रजी बरं असंल," तो म्हणाला. "त्याला लिहून देताय का जरा? नीट, अदबीनं."

त्याचा फोन घेऊन, त्याच्या नावानं, मी मलाच अर्ज लिहिला. आईचं लिहिलं, हाताचं लिहिलं. शेवटी तो म्हणाला, "मागच्या खेपेला तसदी दिली त्याची माफी मागा." मी तीही लिहिली. त्यानं फोन परत घेतला, अर्धंमुर्धं समजून वाचला आणि समाधानानं पाठवून दिला. माझा नंबरही मागून घेतला.

घरी आल्यावर बदल करायला बसलो. अकरा ओळी. समोरचा चहा गार व्हायच्या आत झाल्या. मग त्या इंग्रजी नावानं उत्तर लिहिलं, सूचनेबद्दल आभार, आईंना शुभेच्छा. खरं नाव घालायला तेव्हाही हात धजला नाही.

आठवड्यानं त्याचा फोन आला.

"पावणं, केलं की त्यानं! आईनं काल चारी म्हशींची धार काढली. डॉक्टर म्हणालं, सुरुवातीलाच हात चालवला असता तर आणखी सुटला असता. आता हाय एवढाच. असूं दे." आणि वर म्हणाला, "साहेब माणूस चांगला हाय बघा. पहिल्यांदा मीच नीट विचारलं न्हवतं."

"व्हय की," मी म्हणालो.