झुंजीच्या गोधड्या

मुकुंदवाडीच्या रेल्वे स्टेशनामागं पत्र्याच्या घरांची एक ओळ होती. त्या ओळीत वच्छलाबाईचं घर आवाजावरून ओळखू यायचं. कडूबा कारखान्यातून सुटला की वाटेत गुत्त्यावर बसायचा आणि घरी आला की भांडी आदळायची, पोरगं रडायचं. वच्छलाबाईचा आवाज मात्र कुणी ऐकला नाही. लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच पंधरवड्यात तिला कळलं होतं, की आपण ओरडलो की ह्याला जोर चढतो. म्हणून अकरा वर्षं तिनं तोंड दाबून मार खाल्ला. एकदा त्यानं चुलीवर ढकललं, तेव्हा डावा दंड भाजला. एकदा अशी कानाखाली मारली, की त्या कानानं पुढं कधी धड ऐकू आलं नाही.

मारायला कारण लागायचं नाही. चिकलठाण्याच्या कारखान्यात तो पत्रा कापायच्या मशीनवर होता. तिकडं साहेब काही बोलला, की इकडं हिचं अंग सुजायचं.

वच्छलाबाई गोधड्या शिवून द्यायची. आळीतल्या बायका जुनी लुगडी, धोतरं, फाटके सदरे आणून टाकायच्या. ती ते सगळं दगडावर धोपटून धुवायची, वाळवायची, एकावर एक थर अंथरायची आणि धावदोरा घालत बसायची. शहाऐंशीच्या उन्हाळ्यात एका दुपारी ती अशीच अंगणात कपडे धूत होती. कडूबा त्या दिवशी दुपारीच पिऊन आला. अंगणात वाळत घातलेल्या लुगड्यात त्याचा पाय अडकला. त्यानं ते लुगडं पायानं लाथाडलं, मग तिचे केस धरले आणि तिचं कपाळ धुण्याच्या दगडावर आपटलं. एकदा, दोनदा. नऊ वर्षांचा रामकिसन दारात उभा होता.

दगडावरच्या साबणाच्या पाण्यात आपलं रक्त पसरताना वच्छलाबाईनं पाहिलं. हातात धोपाटणं होतं. ती उठली आणि तिनं ते कडूबाच्या उजव्या गुडघ्यावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज तिला चांगल्या कानानं स्वच्छ ऐकू आला. तो कोसळला. तिनं त्याच जागी पुन्हा मारलं. पहिला फटका रागाचा होता आणि दुसरा विचार करून मारलेला, असं ती पुढं स्वतःच सांगायची.

घाटी दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "काय झालं?"

कडूबानं तिच्या कपाळाच्या पट्टीकडं पाहिलं आणि म्हणाला, "पडलो."

गुडघा पुन्हा वाकला नाही. नोकरी गेली. गुत्त्यापर्यंत चालवत नव्हतं आणि आणून देणारं कुणी नव्हतं, म्हणून दारूही गेली. मारणारा माणूस आता खाटेवर पडून होता आणि त्याला दोन वेळा भाकरी वाढायची ती वच्छलाबाईनंच. चार-पाच महिने दोघं एकमेकांशी बोलली नाहीत. एक दिवस तिचा धावदोरा तिरपा चालला होता. खाटेवरून कडूबा बघत होता. तो सरपटत खाली आला, त्यानं दोरी निळीत बुडवली, दोन टोकं ताणून धरली आणि सुतार मारतात तशी गोधडीवर मारली. सरळ निळी रेघ उठली. वच्छलाबाईनं त्या रेघेवर सुई घातली. त्या दिवसापासून मापं आणि रेघा त्याच्याकडं आल्या.

पण ठिगळांत काय मांडायचं ते तिचं तीच ठरवायची. फुलं, मोर, तुळस तिला कधी सुचलंच नाही. स्टेशनामागं उकिरड्यावर दोन कुत्री एकमेकांच्या नरड्याला लागलेली तिनं पाहिली आणि ती गोधडीत मांडली. काळ्या छत्रीच्या कापडाचं एक, खाकी पँटीचं दुसरं. मग झुंजणारे कोंबडे. मग पिल्लू उचलून नेणारी घार आणि खाली पिसं फुलवलेली कोंबडी. बायका म्हणायच्या, "अगं, ह्याच्यावर लेकरं कशी निजवावी?" ती म्हणायची, "निजवू नका मग."

नव्व्याण्णव साली नजमुन्निसा नावाच्या बाई स्टेशनाकडून चालत येत होत्या. मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. कुंपणावर वाळत टाकलेली घारीची गोधडी बघून त्या उन्हात तशाच उभ्या राहिल्या.

"ही कुणी शिवली?"

"मीच. का वो?"

"वच्छलाबाई," नाव विचारून घेऊन त्या म्हणाल्या, "मी वीस वर्षं पोरींना झाड, डोंगर, झोपडी काढायला शिकवतेय. असं एकीनंबी काढलं नाय. ही मला द्या. शहरात प्रदर्शनात लावते."

वच्छलाबाई प्रदर्शनाला गेली तेव्हा तिला आधी लाजच वाटली. पांघरायची वस्तू भिंतीवर टांगलेली आणि लोक हात मागं बांधून तिच्यासमोर उभे. पण पुढच्या वर्षी पुणं झालं, मग हैदराबाद. कडूबा कुबडी घेऊन बरोबर यायचा आणि गोधड्यांखाली स्टुलावर बसायचा. एकदा एका बाईंनी कौतुकानं विचारलं, "काका, तुम्ही ह्यांना मदत करता वाटतं?"

"व्हय. हिनं माझा गुडघा फोडला. तवापासून."

बाई हसल्या. कडूबा हसला नाही. वच्छलाबाई गोधडीचा कोपरा सरळ करत राहिली.

तोवर रामकिसन मोठा झाला होता. वाळूजला एका कंपनीत कंत्राटावर लागला आणि त्याचं लग्न खुलताबादकडच्या द्वारकाशी झालं. पोरगी कामसू, हळू बोलणारी. शेजारी पत्र्याची एक खोली वाढवली आणि त्यांचा संसार तिकडं मांडला. सहाव्या महिन्यात त्या खोलीतून आवाज यायला लागले.

वच्छलाबाई ते आवाज ओळखत होती. कोणता हाताचा, कोणता पट्ट्याचा, कोणता डोकं पत्र्यावर आदळल्याचा, तिला सांगावं लागत नव्हतं. तरी ती उठली नाही. एकुलता एक पोरगा, कंत्राटाची नोकरी, डोक्याला ताप असतो, असं मनाशी म्हणत सुई ओढत राहिली. सकाळी द्वारका सुजलेल्या डोळ्यानं चहा घेऊन आली, की वच्छलाबाई तिच्याकडं न बघता कप घ्यायची.

एका संध्याकाळी कडूबा म्हणाला, "ऐकू येतंय ना तुला?"

"त्या कानानं नाय येत मला. तुम्हालाच ठावं."

पण त्यानंतर पलीकडं आवाज सुरू झाला, की कडूबा कुबडी घेऊन उठायचा आणि मधल्या पत्र्यावर ठोकायचा. कधी पलीकडचं थांबायचं, कधी नाही.

दोन हजार सहाच्या हिवाळ्यात शहरात मोठं प्रदर्शन भरलं. कडूबाला ताप होता, म्हणून तो घरीच राहिला. दुपारी नजमुन्निसाबाईंच्या मोबाइलवर शेजारणीचा फोन आला. बाई वच्छलाबाईजवळ आल्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

"वच्छलाबाई, चला. रिक्षा बोलावलीय."

घरासमोर माणसं जमली होती. द्वारका भिंतीला टेकून बसली होती, उजवं मनगट नको त्या बाजूला वळलेलं. कडूबा दारात आडवा होता. कानामागून रक्त येऊन मातीत मुरलं होतं. शेजारणीनं सांगितलं: रामकिसन लोखंडी नळी घेऊन द्वारकावर धावला तेव्हा कडूबा तिच्यावर आडवा पडला. पोरानं हात आवरला नाही. एक फटका द्वारकाच्या मनगटावर बसला, पुढचे तीन बापाच्या डोक्यावर.

रामकिसन ओट्यावर बसला होता. वच्छलाबाई त्याच्यावर तुटून पडली. केस धरून त्याला ओढलं, तोंडावर, मानेवर, हाताला येईल तिथं मारलं. तिला वाटलं होतं, आपण उठलो की थांबतं. पण हा तिशीचा गडी होता. त्यानं एक ठोसा दिला आणि ती उंबऱ्यावर तोंडावर आपटली. पुढचा दात तुटला. मग चार पुरुषांनी त्याला धरलं.

दवाखान्यात कडूबाला आत नेलं आणि द्वारकाच्या हाताला प्लास्टर घातलं. ती बाकावर बसली होती. वच्छलाबाई तोंडाला पदर लावून शेजारी टेकली.

"आत्याबाई," द्वारका म्हणाली, "तुम्हाला ऐकू येत होतं ना?"

"येत होतं."

द्वारकानं मान फिरवली.

कडूबा चौथ्या दिवशी गेला. त्याला मधे एकदाच शुद्ध आली होती. त्यानं विचारलं, "पोरगी हाय का?" वच्छलाबाई म्हणाली, "हाय." तेवढंच.

त्याला अग्नी देऊन आल्यावर पुतण्यांनी तिला समजावलं. म्हातारा तापात तोल जाऊन पडला म्हणायचं, दवाखान्यात तसंच सांगितलंय, आळीतलं कुणी बोलणार नाही, घरातली गोष्ट घरात राहील, पोरगा तरी वाचेल. तिनं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी नजमुन्निसाबाईंना घेऊन पोलीस ठाण्यात गेली. खटला दीड वर्ष चालला. कोर्टात वकिलानं तिला विचारलं, "तुम्ही स्वतः नवऱ्याचा पाय मोडला होता, खरं की खोटं?"

"खरं. दोनदा मारलं."

"मग तुमच्यावर विश्वास का ठेवायचा?"

"नका ठेवू. द्वारकाचा हात बघा."

मनगट वाकडंच जुळलं होतं. द्वारकानं ते वर धरलं. रामकिसनला सात वर्षांची सजा झाली.

द्वारका माहेरी गेली ती परत आली नाही. भावाच्या शेतातली सीताफळं ती खुलताबादच्या बाजारात विकते, असं कानावर यायचं. वच्छलाबाईनं एकदा तिच्यासाठी गोधडी पाठवली. ती गेली तशी परत आली. वच्छलाबाईला त्याचा राग आला नाही.

गोधड्या चालूच राहिल्या. रेघा आता तीच मारायची, थोड्या वाकड्या. प्रदर्शनात पत्रकार विचारायचे, ह्या सगळ्या झुंजींत तुमची स्वतःची कोणती? ती म्हणायची, "मी जनावरं शिवते." बापलेकाची गोधडी तिनं शिवली नाही. तीन वेळा कापड कापलं आणि तिन्ही वेळा त्याचं पायपुसणं केलं.

दर महिन्याला ती हर्सूलच्या तुरुंगात भेटीला जायची. दोन वर्षं रामकिसन जाळीपाशी आलाच नाही. ती अर्धा तास बाकावर बसायची आणि उठून यायची. तिसऱ्या वर्षी एकदा तो आला. केस गेलेले, गाल बसलेले. बराच वेळ तो तिच्या तुटलेल्या दाताकडं बघत राहिला.

"माय," तो म्हणाला, "तू बोलली नसतीस, तर मी सुटलो असतो."

"व्हय. सुटला असतास."

त्याला वाटलं ती आणखी काही म्हणेल. शिपायानं वेळ संपल्याचं सांगितलं. रामकिसननं जाळीवरची बोटं काढली.

"पुढल्या महिन्यात येशील?"

"नागपूरला प्रदर्शन हाय. तिथून आले की येते," वच्छलाबाई म्हणाली, आणि पिशवी उचलून बाहेर रस्त्यावर आली.