भूल द्यायला शिकण्याआधी

अन्याय झाला तो एका भूलतज्ज्ञ बाईंवर. कधी झाला, तर माझं मेडिकलचं शेवटचं वर्ष सुरू होण्याआधी, आमच्या दुबईतल्या मराठी मंडळाच्या गणपतीत, आरती संपल्यावर आणि जेवणाआधी. मंडळाच्या खजिनदार काकांचं आतडं फुटलं होतं. ऑपरेशन चालू असताना त्यांचं ब्लडप्रेशर कोसळलं आणि ते सावरलं या बाईंनी. स्टेजवर शाल-श्रीफळ मिळालं सर्जनना. बाईंनाही स्टेजवर बोलावलं, पण तबक धरायला!

कॉलेजात रक्तदानाची, सीटबेल्टची पत्रकं मीच लिहायची. खुर्चीत बसल्या बसल्या माझ्या डोक्यात एक खरमरीत मजकूर जुळायला लागला. जेवणाच्या रांगेत बाईंना गाठलं.

"मॅडम, तुम्हाला राग नाही आला?"

"तबक जड नव्हतं गं. मसालेभात घे आधी, संपत आलाय."

असल्या समंजसपणाचा मला संताप येतो. समंजस माणसांच्या जिवावरच अन्याय पोसला जातो. मी तिथेच ठरवलं, मी भूलतज्ज्ञ होणार. शेवटच्या वर्षात आम्हाला तीन महिने इलेक्टिव्ह असायची, म्हणजे आपल्या पसंतीच्या विभागात काम करायचं. मी तिन्ही महिने अ‍ॅनेस्थेशिया घेणार होते. रेसिडेन्सीच्या, म्हणजे पुढच्या तज्ज्ञ-प्रशिक्षणाच्या, निवड समितीलाही कळू दे, मंडळालाही कळू दे.

बाबांचं दुबईच्या देरा भागात नळ-बेसिनचं दुकान. त्यांना मुलगी सर्जन हवी होती.

"पेशंट झोपला की तुझं काम खलास," ते म्हणाले. "लोकांना काय सांगू, मुलगी झोपवते?"

"बाबा, दॅट्स सो इन्सल्टिंग!"

"भांडायचं तर मराठीत भांड. मलाही मजा येते."

"झोपवून घरी नाही जात कुणी. ऑपरेशन संपेपर्यंत त्याचा श्वास कोण सांभाळतं?"

"सर्जन नाही सांभाळत?"

"नाही!"

बाबा खरोखरच चकित झाले. गल्फमध्ये इतकी वर्षं काढलेल्या, अर्ध्या गावाला हॉस्पिटलात सोडून आलेल्या माणसाला हे ठाऊक नव्हतं. चूक त्यांची नाही. कुणी सांगितलंच नव्हतं.

आमच्या कॉलेजच्या हॉस्पिटलातला भूल विभाग याच बाईंकडे होता, म्हणून मी मॅडमची सही घ्यायला गेले. त्यांनी कागद पाहिला आणि पेन खाली ठेवलं.

"इलेक्टिव्ह निवडतेयस की मोर्चा काढतेयस?"

"दोन्ही."

"मोर्चा सुट्टीत काढ. घशात श्वासाची ट्यूब घालायला रेसिडेन्सीत कुणीही शिकवील. पण कार्डिऑलॉजीत महिनाभर नुसतं ऐकत उभं राहायला तुला पुन्हा कोण देणार आहे? आधी हृदय घे, मग आयसीयू. शेवटचा महिना माझा."

"समिती म्हणेल, हिला अ‍ॅनेस्थेशियात रसच नाही."

"शिफारस मी करणार ना? पण एका महिन्यात मला लिहिण्याजोगं काहीतरी करून दाखव. तुझं भांडण नाही लिहिता येणार मला."

म्हणजे सगळा डाव एका महिन्यावर. मी चरफडत फॉर्म बदलला.

कार्डिऑलॉजीसाठी बाबांनी मला गाडीने अल ऐन शहरातल्या हॉस्पिटलात सोडलं. तिथले सुदानी डॉक्टर पेशंटचा रिपोर्ट पालथा ठेवायचे. "यल्ला, चल, आधी कान," म्हणायचे. मी आठवडाभर चुकले, मग कमी चुकायला लागले. आयसीयूत कळलं की ब्लडप्रेशर कोसळणं म्हणजे काय, आणि ते वर आणायला किती माणसं झटतात.

मग मॅडमचा महिना. मीना बाजारातले एक वयस्क शिंपी हर्नियासाठी आले होते. कमरेत इंजेक्शन देऊन खालचा भाग बधिर करायचा ठरलं होतं. ऑपरेशनच्या सकाळी मी सवयीने स्टेथोस्कोप लावला. हृदयाच्या ठोक्यांमध्ये खरखर होती, आणि ती मानेपर्यंत ऐकू येत होती.

"चाचा, सीढी चढते वक़्त साँस फूलती है?"

"उमर हो गई, बेटी."

मी मॅडमना बोलावलं. त्यांनी ऐकलं आणि केस थांबवली. सर्जन आले, तेच शाल-श्रीफळवाले.

"एका विद्यार्थिनीच्या कानावर माझी लिस्ट थांबवायची?"

"तिच्या आणि माझ्या," मॅडम म्हणाल्या.

दुपारी इको झाला. हृदयातून रक्त बाहेर पडायची झडप जवळजवळ मिटलेली. कमरेतल्या इंजेक्शनने ब्लडप्रेशर उतरलं असतं, तर ते परत चढवणं कठीण झालं असतं. सर्जन स्वतः मला शोधत आले. "बरं झालं, थांबलो," म्हणाले. मला ते आवडले, नाइलाजाने. चाचांची आधी झडप बदलली. मग हर्नियाचंही ऑपरेशन झालं, आणि चाचा चालत घरी गेले.

मॅडमनी शिफारस लिहिली. माझा अर्ज गेला, आणि मुलाखतीचं बोलावणं आलंय. बातमी ऐकून बाबा म्हणाले, "माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन काढलंय डॉक्टरांनी. भूल कोण देणार, ते विचारून ठेव."

आता तुमच्याकडे येते. घरात कुणाचं ऑपरेशन ठरलं की सर्जन कसा आहे ते तुम्ही चार जणांना विचारता. भूल कोण देणार, तेही विचारा. टेबलावर जाण्याआधी त्या डॉक्टरला भेटा. जिना चढताना दम लागत असेल तर वयावर ढकलू नका, स्पष्ट सांगा. आणि छातीला स्टेथोस्कोप लागला नसेल, तर लावायला लावा.