सोळावर थांबलेला सिग्नल

भूतबित मी मानत नाही, आधीच सांगतो. आमच्या धंद्यात आकडा चुकला तर वायर सैल असते, बाकी काही नसतं. त्यामुळे कमेंटमध्ये मला अक्कल शिकवू नका... सगळं तपासून झालंय.

तुर्भे एमआयडीसीत आमची शेड. राजस्थानातल्या एका सोलर थर्मल प्लांटची — आरशांनी ऊन एकवटून तेल तापवायचं, त्या उष्णतेवर वीज करायची — कंट्रोल पॅनल आम्ही इथे टेस्ट करून पाठवतो. पद्धत अशी, की एक जण वायरवर हाताने सिग्नल देतो, मिलिअँपिअरमध्ये: चार, आठ, बारा, सोळा, वीस. दुसरा स्क्रीनवर आकडा बघून "ओके" म्हणतो. ओके आल्याशिवाय पुढचा आकडा द्यायचा नाही. वीस झाला की वायर काढायची आणि निघायचं.

माझा जोडीदार नीलेश, घणसोली गावातला. कित्येक वर्षं तो सिग्नल द्यायचा, मी ओके म्हणायचो. पहिलं युनिट चालू करायला तो साइटवर गेला आणि तिथे गरम तेलाचा पाइप फुटला. खूप भाजला. त्याची बायको, दर्शना, धावत तिकडे गेली. डॉक्टर धड काही बोलत नव्हते. आणि मी इथे दुसऱ्या युनिटचं पॅनल तपासत बसलो होतो, कारण दुपारी ट्रक लागणार होता! नुसता संताप होत होता.

इतक्यात स्क्रीनवर तेलाच्या टेंपरेचरचा सिग्नल आला. चार.

"फरहीन, वायर काढ ती," मी ओरडलो. फरहीन आमची ज्युनियर, नीलेशच्या जागी सिग्नल द्यायला बसलेली.

"सर, कधीच काढलीये... ही बघा, माझ्या हातात आहे."

आकडा चारवरच. वैतागून, सवयीनं, तोंडातून निघालं — "ओके."

आठ.

मी फरहीनच्या हातातल्या वायरकडे पाहिलं. पुन्हा म्हणालो, ओके. बारा. ओके. सोळा. फरहीन तोंडावर हात धरून उभी.

पुढचा ओके मी गिळला. वीस झाला की माणूस वायर काढून निघून जातो... मानत नाही हो मी असलं, पण तोंड उघडेना. मनात म्हटलं, नील्या, थांब तिथंच, माझी शपथ आहे तुला.

जेवणाची वेळ टळली. मी खुर्ची सोडली नाही. आकडा सोळावरच होता.

मग साहेब आत आले. "अरे, ट्रक उभाय बाहेर! काय बघत बसलाय? ओके आहे सगळं, ओके, चला!"

वीस. आणि लगेच शून्य.

मी साहेबांची कॉलर धरली. त्यांना अजून वाटतं टेन्शननं माझं डोकं फिरलं होतं. दर्शनाचा फोन आला तेव्हा मला काही विचारावं लागलं नाही.

सिग्नल वाचणारं कार्ड बदललं, पॅनल सगळं उलगडून पाहिलं. कारण सापडलं नाही, आता शोधतही नाही.

तेराव्याला घणसोलीला गेलो. दर्शना जवळ येऊन बसली. "भाऊजी, त्या दिवशी सकाळी शांत होते ओ ते. दुपारी लय तळमळले. पानी पन जात नव्हतं, जीव नुसता अडकून रायला होता. मीच देवाला बोलले, सोडव आता यांना."

ती सगळी दुपार मी तोंड मिटून त्या खुर्चीत काढली होती.